सही का केली नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आत्यानं विचारलं, मामीनं दोनदा विचारलं, आणि परवा नाशिकमध्ये राणेनगरला एका लग्नात, हातात ताट असताना, आमच्या जुन्या सिडकोतल्या काकांनीही विचारलं : "तू स्वतः कर्ज काढून इंजिनिअर झालास, मग बहिणीच्या वेळी सही का केली नाहीस?"

माझं ठरलेलं उत्तर आहे. माझं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचं रेकॉर्ड, खराब होतं, बँकेनं मला सहकर्जदार म्हणून घेतलंच नसतं. एवढं ऐकून लोक मान हलवतात आणि गुलाबजामकडे वळतात.

खरं असं, की मी बँकेत विचारायला गेलोच नाही.

पण तिथपर्यंत येण्याआधी थोडा हिशोब ऐकाच. 2009 साली माझं कर्ज झालं. चार लाखांच्या आतलं, म्हणून तारण नको, मार्जिन म्हणजे पदरचा वाटा नको, फक्त सहकर्जदार म्हणून अण्णांची, म्हणजे वडिलांची, सही. वर्षाला 95 हजार, चार वर्षं, व्याज साडेबारा टक्के. शिकतोय तोवर हप्ता नव्हता. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, अशी आमच्या घराची समजूत. अण्णा सातपूरला लेथवर होते, मायक्रॉनचा फरक बोटानं ओळखायचे, पण हे व्याज काही त्यांच्या बोटांना लागलं नाही. 2014 च्या मध्यात हप्ते सुरू झाले तेव्हा 3 लाख 80 हजारांचे 5 लाख 46 हजार झाले होते. हप्ता 9,800. माझा अंबडमधला ट्रेनीचा पगार 11,000.

आणि त्याच 2009-10 पासून केंद्राची व्याज अनुदानाची योजना सुरू झाली होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिक्षणाच्या काळातलं आणि त्यानंतरच्या वर्षभरातलं व्याज सरकार भरणार. अण्णांचं उत्पन्न दीड लाखाच्या पुढे कधी गेलं नाही. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढून शाखेत द्यायचा होता, बस. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. कळलं 2015 साली, एका मित्राच्या मोबाईलवर. तोपर्यंत माझी शिफ्ट बंद झाली होती आणि मी घरी बसून आठवीच्या पोरांना बीजगणित शिकवत होतो. तीन महिने हप्ता चुकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं, हे मात्र बँकेनं लगेच कळवलं.

मग लोकअदालत, म्हणजे तडजोडीनं प्रकरण मिटवायची जागा. 2016 मधला एक शनिवार, सीबीएस बसस्टँडजवळचं जिल्हा कोर्ट. व्हरांड्यात टेबलं मांडलेली, प्रत्येकावर बँकेच्या नावाचा कागद चिकटवलेला. आमच्यापुढे निफाडकडचे दोघं भाऊ होते, पीककर्जाचं प्रकरण. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, सकाळीच दाढी केली होती, आणि काखेत प्लास्टिकचं फोल्डर. आत काय आहे ते मी विचारलं नाही. मला वाटलं पासबुक, नोटीस, आधार.

आमचा नंबर आला. बँकेचा अधिकारी माझ्याच वयाचा असेल. त्यानं खात्याचा उतारा सरकवला. अण्णांनी फोल्डर उघडलं आणि त्यातून माझं डिग्री सर्टिफिकेट काढून टेबलावर ठेवलं. नोटिशीत 'कागदपत्रांसह हजर राहावे' लिहिलं होतं ना.

"काका, याचं मी काय करू? ठेवा आत," तो म्हणाला. आवाज चढवून नव्हे. जरा ओशाळूनच.

"साहेब, ह्याच्यासाठीच दिले होते ना तुम्ही पैसे. झालं ना ते. फर्स्ट क्लास आहे."

पॅनेलवरच्या वकीलबाईंनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"इंजिनिअर आहे."

"हो, पण सध्या?"

मी तिथेच उभा होतो, फूटभर अंतरावर. उत्तर मला देता आलं असतं. अण्णाच म्हणाले, "बघतोय तो."

तडजोड झाली. सव्वाचार लाख, तीन महिन्यांत. दंडव्याज माफ. बाईंनी समजावून सांगितलं की इथला निवाडा म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, याच्यावर अपील नाही. अण्णांनी सही केली. सहीखाली दोन टिंबं द्यायची त्यांची सवय आहे, ती पण दिली. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी फोल्डर रुमालानं पुसलं. सिटी बसमध्ये ते मांडीवर उभं धरून बसले, मुडपू नये म्हणून. पूर्ण रस्ताभर एक शब्द नाही. त्या दिवशी ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

सव्वाचार लाखांपैकी तीन लाख अण्णांच्या ग्रॅच्युइटीच्या एफडीचे. उरलेल्यात आईच्या पाटल्या गेल्या. ती एफडी छोटीच्या, माझ्या बहिणीच्या, शिक्षणासाठी ठेवलेली होती, हे तुमच्यापैकी फार जणांना माहीत नाही. आता झालं.

पुढच्याच वर्षी छोटी बारावी झाली. तिला फिजिओथेरपी करायची होती. फी वर्षाला 1 लाख 80 हजार, म्हणजे चार वर्षांचे 7 लाख 20 हजार. साडेसात लाखांच्या आत असल्यानं तिलाही तारण लागलं नसतं. तिनं सायबर कॅफेत बसून शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज भरला, तीन बँका निवडल्या, प्रिंट काढून माझ्यापुढे ठेवली. "दादा, फक्त इथे तुझी सही." उत्पन्नाचा दाखलाही तिनं आधीच काढून आणला होता. म्हणजे माझी चूक तिनं केली नव्हती. तरी मी म्हणालो, सिबिल. मामा सही करायला तयार होता, सरकारी नोकरी, पगार चांगला. त्याला मी फोन करून सांगितलं, "मामा, पडू नकोस त्यात." हे मामीला माहीत नसावं, नाहीतर तिनं दोनदा विचारलं नसतं.

छोटीनं बीएस्सी केली, मग डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. गंगापूर रोडला एका लॅबमध्ये रक्त काढते. हात हलका आहे, लोक तिलाच मागतात.

तेव्हाच्या मला मी विचारतो, की बाबा, तुझी नोकरी गेली म्हणून तिची जाणार होती का? तो म्हणतो, तू ते फोल्डर विसरलास. मी म्हणतो, फोल्डर अण्णांचं होतं आणि तेसुद्धा छोटीच्या कर्जावर परत सही करायला तयार होते. तो म्हणतो, म्हणूनच. इथे आमचं भांडण दर वेळी अडतं. 2024 पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी पूर्ण माफ झाली, तेव्हा तर आठवडाभर मी घरात कुणाशी धड बोललो नाही. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी भरावीच लागते, अशी मनाची समजूत घालत राहिलो. म्हणजे बघा, सरकार फी माफ करतंय आणि मी त्यात खोट शोधतोय.

आणि तुम्ही, सही का केली नाहीस म्हणून विचारणारे, तुमच्यातला एक तरी त्या शनिवारी कोर्टात आला होता का? असो.

यंदा छोटीला पुण्यात हॉस्पिटल मॅनेजमेंटला प्रवेश मिळालाय. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे, पण ती यादीतल्या संस्थांनाच. तिचं कॉलेज यादीत नाही. साधंच कर्ज काढतेय. अर्ज भरताना तिचा फोन आला. मी पेन शोधायला लागलो, खरंच. सहकर्जदार म्हणून तिनं नवऱ्याचं नाव टाकलं होतं. तिला मला विचारायचं होतं ते एवढंच, की पीडीएफ किती केबीपर्यंत चालते.