टेक्सासहून विस्कॉन्सिनला : हरणासाठी नवी जागा शोधताना

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे साडेचारला मॅडिसन सोडलं, तेव्हा गाडीत रायफल नव्हती आणि धनुष्यही नव्हतं. गमबूट, होकायंत्र, फोनमध्ये उतरवून घेतलेले नकाशे आणि गोचिडींसाठी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवलेली जुनी पँट, एवढंच सामान होतं. आंतरराज्य 94 धरून दोन तासांत ब्लॅक रिव्हर फॉल्स येतं. धनुष्याने शिकारीचा हंगाम सुरू व्हायला महिना होता आणि नवीन राज्यात बसायचं कुठे हे मला अजिबात माहीत नव्हतं.

टेक्सासात नऊ वर्षं काढली. तिथली सुमारे 95 टक्के जमीन खासगी, त्यामुळे शिकार म्हणजे लीज, म्हणजे पैसे देऊन कुणाच्या तरी जमिनीवर घेतलेला हक्क. एका सहकाऱ्याच्या ओळखीने हिल कंट्रीतल्या रँचवर मला हिस्सा मिळाला होता. मका टाकणारा फीडर, शंभर यार्डांवर ब्लाइंड म्हणजे लपून बसायची खोली, ठरलेला शनिवार. सात हंगाम मी त्या एका खिडकीतून हरणं पाहिली. नोकरीमुळे इकडे आलो आणि पहिल्याच महिन्यात उमगलं की मला बसणं येतं, पण हरीण कुठून का येतं हे येत नाही. हरणं आणायचं काम फीडर करत होता.

विस्कॉन्सिनात गणित उलटं आहे. नुसती काउंटीची जंगलंच 24 लाख एकरांच्या आसपास, वर शक्वामेगन-निकोले हे राष्ट्रीय वन 15 लाख एकरांचं. नकाशावर हिरवा रंग इतका दिसतो की कुठे बोट ठेवावं कळत नाही. आणि मका टाकायला बऱ्याच काउंट्यांत बंदी आहे.

जागेआधी कागदपत्रं, कारण इथे आपली माणसं अडकतात. एच-1बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणून आधी परवाना, मग बंदूक. दुकानातही नाही आणि मित्राची हातात घ्यायचीही नाही. परवान्याची मुदत संपली की हा आधारही संपतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. माझं टेक्सासचं हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र इथे चाललं. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतंच. रहिवासी दर मिळण्यासाठी राज्यात 30 दिवस मुक्काम झालेला असावा लागतो. रहिवाशाला बंदुकीचा हरीण परवाना 24 डॉलरला पडतो, बाहेरच्याला कितीतरी पटींनी महाग. सामान उतरवल्याची तारीख लक्षात ठेवा आणि पत्त्याचा पुरावा जपा.

मादी मारायला वेगळी परवानगी-चिठ्ठी, म्हणजे टॅग लागतो. त्यावर काउंटी आणि विभागासोबत जमीन सरकारी की खासगी हेही लिहिलेलं असतं. खासगीचा टॅग घेऊन सरकारी जंगलात मादी पाडली तर गुन्हा होतो. सरकारी जमिनीचे टॅग आधी संपतात, त्यामुळे विक्री ज्या दिवशी सुरू होते त्याच दिवशी घ्या.

आता जागा. मी आधी घराजवळ बघितलं. सॉक सिटीजवळच्या धरणाखालून मिसिसिपीपर्यंत 92 मैल लांबीचा विस्कॉन्सिन नदीकाठ राखीव आहे. हरणं भरपूर, शेतं लागून, घरापासून चाळीस मिनिटं. जागा खरंच सुंदर आहे. पण प्रत्येक पार्किंगपासून पायवाट रुळलेली होती, झाडांवर जुन्या स्टँडचे, म्हणजे शिकाऱ्यांनी बसायला बांधलेल्या मचाणांचे वळ होते. ही हरणं माणसाला ओळखून होती.

शेतकऱ्यांची दारंही ठोठावली. सहा घरी गेलो, पाच ठिकाणी नम्र नकार मिळाला. सहाव्या काकांनी मक्याचं नुकसान दाखवलं आणि म्हणाले, धनुष्याने फक्त माद्या मार. त्यांना मी माझं नाव, फोन आणि गाडीचा नंबर लिहिलेलं कार्ड दिलं होतं, आणि बायकोमुलं सोबत होती. माझ्या मते त्या दोन गोष्टींनी काम झालं. उन्हाळ्यातच जा, भर दिवसा जा. हंगामाच्या आदल्या आठवड्यात जाऊन दार वाजवणाऱ्याला कुणीच होकार देत नाही. दिवाळीत त्यांना चिवडा आणि चकल्या नेऊन दिल्या. हरणांचा माजाचा काळ ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे बऱ्याच वर्षी आपल्या दिवाळीच्या आसपासच येतो. घरी हे आधी बोलून ठेवा. आम्ही पाडव्याचा दिवस घरचा आणि पुढचे दोन माझे असं ठरवलं.

ब्लॅक रिव्हरकडे मी वळलो ते हरणांच्या संख्येसाठी नाही. ब्लॅक रिव्हर राज्य वन सुमारे 68,000 एकरांचं आणि त्याला लागून जॅक्सन काउंटीचं जंगल लाखाहून जास्त एकरांचं. इथे एकरी हरणं दक्षिणेतल्या शेतीपट्ट्यापेक्षा कमीच. पण मला एकच पट्टी हवी होती, जिथे गर्दीपासून लांब चालत जाता येईल आणि एकट्याने हरीण ओढत बाहेर आणता येईल. हे दुसरं फार महत्त्वाचं. नकाशावर दीड मैल आत शिरणं सोपं वाटतं. साठ-सत्तर किलोंचं धूड दलदलीतून ओढताना दीड मैल संपत नाही.

जमीन वालुकामय, त्यावर जॅक पाइन आणि खुरटे ओक, मध्येमध्ये शेवाळाची दलदल. पहिल्या फेरीत पायवाटांवर सहा तास चाललो आणि काही सापडलं नाही. दुसऱ्या फेरीत पायवाट सोडून दलदलीच्या काठाकाठाने गेलो. जिथे ओकची रांग दलदलीला भिडते तिथे वाळूत खुरांचे ठसे एकावर एक पडलेले होते, लेंड्या ताज्या होत्या, आणि आत पाण्यापलीकडे अर्ध्या एकराची उंच कोरडी जागा दिसत होती. हरणं तिथे दिवसभर पडून राहतात आणि संध्याकाळी एकोर्न, म्हणजे ओकची फळं खायला या काठावर येतात. तिसऱ्या फेरीत, ऑक्टोबरमध्ये, त्याच काठावर शिंगांनी सोललेली चार खोडं आणि उकरलेली माती मिळाली. तेव्हा नकाशावर खूण केली आणि बाकीच्या अकरा खुणा पुसून टाकल्या. नवीन माणसाने दहा जागा एकेकदा पाहण्यापेक्षा एकच जागा चार ऋतूंत पाहावी असं मला ठामपणे वाटतं. माग वाचायला त्याच मातीवर पुन्हा यावं लागतं.

दर वेळी वाऱ्याची दिशा वहीत लिहा. माझ्या पट्टीवर वायव्येचा वारा असला तरच बसता येतं, कारण माझी येण्याची वाट आग्नेयेकडून आहे. दक्षिणेचा वारा असला तर मी सरळ घरी राहतो.

काही सावधगिरीच्या गोष्टी. जॅक्सन काउंटीत 2015 पासून केंटकीहून आणलेले एल्क, म्हणजे हरणांच्याच कुळातले मोठे प्राणी सोडले आहेत. पहाटेच्या अंधुक उजेडात एल्कची मादी हरणासारखी वाटू शकते. ती खूप मोठी असते, मान गडद आणि मागचा भाग फिकट. खात्री होईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. विस्कॉन्सिनात खासगी जमिनीवर पाटी नसली तरी परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि जखमी हरीण पलीकडे गेलं तरी आधी मालकाला विचारावं लागतं. टेक्सासात प्रवेशबंदीची खूण म्हणून कुंपण किंवा झाडाखांबांवरचा जांभळा रंग पाहायची सवय लागलेल्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं. करसवलतीच्या बदल्यात लोकांना खुली ठेवलेली काही खासगी वनंही आहेत, ती नकाशात वेगळ्या रंगात दिसतात. तिथे पायी जाऊन शिकार करता येते. गोचिडींची तपासणी रोज संध्याकाळी करा, इथे लाइमचा आजार आहे.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. राज्यात पाच लाखांहून जास्त परवाने निघतात, त्यामुळे पहाटे चारला पार्किंगमध्ये सात गाड्या होत्या. भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा कमरेच्या वरच्या किमान अर्ध्या भागात लागतो, टोपीलाही तोच नियम. शनिवारी उणे सात सेल्सिअसला मी दहा वाजेपर्यंत टिकलो आणि पाय बधिर झाले म्हणून उठलो. वीस पावलांवर गेलो असेन, मागे फांदी मोडली आणि दोन शेपट्या पांढऱ्या झेंड्यासारख्या उडत गेल्या. गारठलेली माणसं नऊ-दहाला गाडीकडे निघतात, तेव्हाच हरणं हलून दाट जागी सरकतात. मी चुकीच्या बाजूचा झालो होतो.

रविवारी जाड फोमची बैठक, बुटांवर चढवायची उबदार आवरणं आणि दुपारपर्यंत पुरेल एवढा चहा नेला. दहा चाळीसला तीच काठाची वाट धरून एकटी मादी आली. पंचेचाळीस यार्ड, वारा वायव्येचा. एक गोळी, आणि साठ पावलांवर ती पडली. तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिलो. फीडरसमोर सात वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

पोट साफ करून प्लास्टिकच्या स्लेजवर घातली. दलदल गोठली होती, तरी गाडीपर्यंत दोन तास लागले. नोंदणी फोनवरून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत करावी लागते. हरणांचा सीडब्ल्यूडी हा मेंदूचा आजार राज्यात 2002 मध्ये पहिल्यांदा सापडला. तपासणी मोफत आहे, डोकं ठरावीक पेट्यांत ठेवून यायचं. बाधित काउंटीतून अख्खं धूड दूर नेण्यावर मर्यादा आहेत, निघण्याआधी नियम वाचा. निकाल येईपर्यंत मटण चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा, आणि आजार निघाला तर खाऊ नका.

आमचा निकाल तेराव्या दिवशी आला, आजार नव्हता. या मटणाला चरबी नसते; मांडीचे तुकडे दह्यात रात्रभर ठेवून मंद आचेवर तीन तास रस्सा केला. मुलांनी भाकरी मागून खाल्ली.

बर्फ वितळल्यावर मार्चमध्ये परत जातोय. गवत झोपलेलं असतं, वर्षभराच्या वाटा उघड्या दिसतात, आणि त्या कोरड्या उंचवट्याच्या पश्चिमेला मी अजून गेलेलो नाही.