तुम्ही विचारलंत म्हणून: सांगलीच्या लाइटवर कमोडोर

"एक ट्रान्सफॉर्मर लावला की झालं की! त्यात काय एवढं?"

हे मला भाच्यानं ऐकवलंय, फ्रिज दुरुस्त करायला आलेल्या माणसानं ऐकवलंय आणि एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांनीही. प्रश्न प्रत्येकाचा एकच: काकांनी अमेरिकेतून आणलेला कमोडोर 64, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, मी इथल्या लाइटवर चालवतो कसा, ट्रान्सफॉर्मर लावूनच ना? आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो. पुढच्याच्या हातात हाच कागद देईन.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, 230 चे 110 करतो. हर्ट्झला, म्हणजे लाइटच्या सेकंदाला किती लहरी येतात त्याला, तो हात लावत नाही. तिकडे 60, आपल्याकडे 50, ते 50 च राहतात. मशीनबरोबर आलेल्या काळ्या, जड अ‍ॅडॉप्टरमधला लोखंडी गाभा 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ धरून बेतलेला. हर्ट्झ उतरले आणि व्होल्ट तेवढेच राहिले, की गाभ्यावर चुंबकीय भार वाढतो आणि तो तापतो. 120 भागिले 60 म्हणजे 2, हे प्रमाण टिकवायचं तर 50 ला 100 व्होल्टच द्यायला हवेत. 110 दिले तर दहा टक्के जादा. 2011 साली एकानं मला हे समजावलं तेव्हा मी त्याच्याशी तासभर भांडलो होतो. त्याचं बरोबर होतं. पण 100 दिले तर अ‍ॅडॉप्टरमधून निघणारे 9 व्होल्ट साडेसातवर येतात, हे माझंही काही खोटं नव्हतं. तो वाद अजून तिथंच आहे.

(ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो हर्ट्झच्या दुप्पट. म्हणजे इथं 100, तिकडं 120. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतले एक स्नेही हे ऐकून म्हणाले, "मग इथला सा धरला तर अमेरिकेत तो कोमल गंधार लावतो." एवढ्या वर्षांत या विषयावर मला भेटलेला हा एकमेव समजूतदार माणूस.)

आता मे 2016. काका आले होते. 1984 साली त्यांनी त्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, पडद्यावर ठोकळ्यांनी 'सांगली' उमटवणारा. कॅसेट माझ्याकडे होती. "लाव की," म्हणाले. लावली. कॅसेटवरून यायला वेळ लागतो, काका खुर्ची पुढे ओढून बसलेले. तेवढ्यात वळीव आला आणि लाईट गेली.

लाईट येताना झटका बसायला नको म्हणून मी प्लग काढून ठेवला. इथपर्यंत माझं काही चुकलेलं नाही, हे लक्षात घ्या. वीस मिनिटांनी लाईट आली, पण ट्यूब काही पेटेना. मोबाइलच्या उजेडात टेबलाखाली वाकलो आणि प्लग परत लावला. तेव्हा मीही ट्रान्सफॉर्मरच वापरायचो, आणि त्याला दोन सॉकेट होते, एक 110 चा, दुसरा सरळ 230 चा. वाइंडिंगवाल्यानं सोयीसाठी दिलेला. दोन्ही दिसायला सारखे, दोन्हीत अमेरिकन चपटी पिन बसते. असं कोण बनवतं?

अ‍ॅडॉप्टर गुरगुरला. पडदा एकदा पांढरा झाला नि काळा पडला. जळक्या वार्निशचा वास आला. मी प्लग उपटला तोवर पाच-सहा सेकंद गेले असतील. नंतर उघडून पाहिलं, तर व्होल्ट 5 वर धरून ठेवणारा रेग्युलेटर गेला होता आणि जाताना आठ मेमरी चिपांतल्या तीन घेऊन गेला होता.

"जाऊ दे रे, जुनंच होतं," काका म्हणाले. मी म्हणालो, "लाइटचा काही भरवसा नाही हो इथं." ते अजून तिकडं सगळ्यांना सांगतात की त्यांचं मशीन सांगलीच्या लाइटनं खाल्लं.

त्या सॉकेटवर वाइंडिंगवाल्यानं '110' अशी चिठ्ठी चिकटवून दिली होती. त्या मेच्या दोन वर्षं आधी तिची कड सुटली, तेव्हा मीच ती ओढून काढली. माझ्या लक्षात आहे, म्हटलं.

चिपा बदलल्या, मशीन चालतं. मुळात आत लागतात फक्त 5 व्होल्ट डीसी आणि 9 व्होल्ट एसी. ते मी आता घरीच बनवलेल्या डब्यातून थेट 230 वरून देतो. तो 110 चा ट्रान्सफॉर्मर लागतच नाही, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. फक्त मशीनमधलं एक घड्याळ त्या 9 व्होल्टच्या लहरी मोजतं. 60 मोजल्या की एक सेकंद, असं ते समजतं. मिळतात 50. त्यामुळे दर तासाला दहा मिनिटं मागे पडतं. 'पोक'ची, म्हणजे मेमरीत थेट आकडा टाकणाऱ्या आज्ञेची, एक ओळ टाइप केली की सुधारतं, बंद केलं की विसरतं.

जुना ट्रान्सफॉर्मर टेबलाखालीच आहे. त्याच्या 230 च्या सॉकेटमध्ये मी एम-सील भरलंय. त्याला आता काही जोडत नाही, तरी भरलंय.