बायोसची खिंड आणि मीराकचं माळरान

"घे आणि ये, दहा मिनिटांत मैदानात असशील," असं मित्राने पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. बॅटलफिल्ड ६ हा युद्धाचा व्हिडिओ गेम विकत घेतल्यापासून मैदानात पहिलं पाऊल टाकेपर्यंत मला पाच दिवस लागले आणि गेमच्या किमतीवर आणखी २,२०० रुपये गेले. दिवाळीच्या सुट्टीतले पाच दिवस! मागून येणाऱ्या कुणाचे असे दिवस आणि पैसे जाऊ नयेत, म्हणून लिहितोय.

माऊस-कीबोर्डवर हात बसलेला आहे, बरे हेडफोन आहेत आणि पीसी अगदी पुरातन नाही, एवढं गृहीत धरतो. किमान आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम लागते. माझ्याकडे तेवढंच आहे, सगळी सेटिंग्ज 'लो'वर ठेवली की व्यवस्थित चालतं. मी रोज खेळणारा नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री, घरचे झोपल्यावर दीड-दोन तास, बस्स.

आता खिंडीकडे, म्हणजे बायोसकडे (विंडोजच्या आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) येतो. गेम १० ऑक्टोबर २०२५ ला आला, मी आठवड्याभराने घेतला. सगळं डाउनलोड झालं, सुरू केला आणि पडद्यावर सूचना आली की सिक्युअर बूट चालू नाही. पुढे काही नाहीच. गेमसोबत जॅव्हलिन नावाची चीटिंग पकडणारी यंत्रणा येते, तिला हे लागतं. पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी कुठलं बिनसहीचं सॉफ्टवेअर घुसलेलं नाही, याची खात्री सिक्युअर बूट करतं. चोरट्या नेमबाजांना अडवायचं तर हा नाका हवा, हे मला पटतं. पण २०२० साली असेंबल करून घेतलेल्या माझ्या पीसीत विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं होतं आणि हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

मी पीसी उचलून गावातल्या एका दुकानात नेला. "साहेब, बोर्डच बदलावं लागेल, साडेनऊ हजार," असं पहिलं वाक्य. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपलाय, ही भीतीही घालून झाली. मी नको म्हटल्यावर, "मग विंडोज मारून देतो, होईल," असं ठरलं. दोन दिवस पीसी तिथे पडून. २,२०० रुपये घेतले. घरी आणून लावला तर सी ड्राइव्ह पूर्ण साफ, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोंसकट, आणि सिक्युअर बूट जिथल्या तिथे बंद. विंडोज पुन्हा त्याच जुन्या पद्धतीने मारलं होतं! फोटो नंतर बायकोच्या फोनवर सापडले, पण तोवरची ती रात्र मी विसरणार नाही.

हे काम घरी फुकट होतं आणि अर्ध्या तासाचं आहे. क्रम मात्र चुकवू नका.

आधी सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि 'बायोस मोड' ही ओळ बघा. तिथे 'यूईएफआय' (नवी पद्धत) असेल तर तुमचं अर्धं काम झालंय. 'लेगसी' (जुनी पद्धत) असेल तर डिस्क जुन्या एमबीआर मांडणीत आहे, ती नव्या जीपीटी मांडणीत करायची. त्यासाठी विंडोजमध्येच 'एमबीआरटूजीपीटी' नावाची आज्ञा असते. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी 'व्हॅलिडेट' करून तपासायचं, ते पास झालं तरच 'कन्व्हर्ट'. डाटा जात नाही, तरी कामाच्या फाइल्स आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कागदावरच. हे सगळं झाल्यावर रीस्टार्ट करून बायोसमध्ये शिरा, सीएसएम (पीसी जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) बंद करा, टीपीएम हा सुरक्षेचा भाग चालू करा (इंटेलच्या बोर्डवर पीटीटी, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम अशा नावाने सापडेल) आणि शेवटी सिक्युअर बूट. डिस्क न बदलता आधीच सीएसएम बंद केलं तर विंडोज उठणारच नाही. मी नेमकं तेच केलं आणि रात्री साडेबाराला काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की सगळं पूर्ववत होतं. अजून एक अडचण येते: बायोसमध्ये सिक्युअर बूट 'एनेबल्ड' दिसतं, पण विंडोज 'ऑफ'च दाखवतं. अशा वेळी बायोसमध्येच कंपनीच्या मूळ कीज पुन्हा बसवायचा पर्याय असतो, तो दाबला की सुटतं.

बोर्ड बदलायला सांगणाऱ्याच्या दुकानातून उठून सरळ बाहेर या. आणि गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतला असेल तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, हेही लक्षात असू द्या. मला हे माहीत असतं तर दुकानात गेलोच नसतो.

खिंड ओलांडली की पुढे देश मोठा आहे. कथा २०२७ सालातली: नाटो एकीकडे आणि पॅक्स अर्माटा नावाचं खासगी सैन्य दुसरीकडे. एकट्याने खेळायची मोहीम आहे, दोन संध्याकाळी गेल्या, बरी आहे. इतरांसोबत ऑनलाइन लढायच्या नकाशांत जिब्राल्टरच्या गल्ल्या सुंदर, कैरोचा वेढा त्याहून सुंदर. तिथे काहीच अडचण आली नाही, म्हणून जास्त लिहीत नाही. नवख्याने सुरुवात तिथेच करावी. गल्ल्या आहेत, आडोसे आहेत, मेलात तरी कुठून मेलात हे कळतं.

मीराक व्हॅलीचं तसं नाही. ताजिकिस्तानातला हा नकाशा सुरुवातीच्या नऊ नकाशांतला सगळ्यात मोठा. मध्यभागी दोन अर्धवट बांधलेल्या उंच इमारती, भोवती मोकळं माळरान. मित्राने सांगितलं होतं, "मोठा आहे, निवांत फिरता येतं." हे ऐकून कुणी जाऊ नका. पहिल्या रात्री मी त्या माळरानावर सलग अकरा वेळा मेलो आणि अकराच्या अकरा वेळा इमारतीपर्यंत पोचलोच नाही. तळावरून निघायचं, मिनिटभर पळायचं, समोर एक तिरीप चमकायची आणि खेळ खलास. ती तिरीप म्हणजे स्नायपरच्या दुर्बिणीचा चकाकणारा कवडसा. तो दिसला की त्याची नळी तुमच्याकडे आहे असं समजून लगेच आडवं व्हायचं, दगडामागे सरकायचं. दोन सेकंद विचार करायला मिळत नाहीत.

त्या रात्री हात थरथरत होते, खोटं सांगत नाही. गेम काढून टाकायचा असं ठरवूनच झोपलो.

दुसऱ्या रात्री मित्र सोबत आला तेव्हा चूक कळली. मी दर वेळी तळावरूनच निघत होतो. तुमच्या चौघांच्या स्क्वॉडमधला एक जण जरी पुढे जिवंत असेल तर थेट त्याच्यापाशी उतरता येतं. उतरण्याआधी प्रत्येकाच्या खांद्यामागून काय दिसतंय ते पडद्यावर बघता येतं. गोळ्या चालू असतील तर थांबा, पाच सेकंदांनी पुन्हा बघा. एवढ्या एका गोष्टीने माळरान निम्मं कमी झालं.

उरलेलं निम्मं चालायचंच असेल तर धूर न्या. धूर नाही तर मीराक नाही, इतकं स्पष्ट सांगतो. धूर स्वतःपुढे टाकायचा नाही, तुम्ही आणि इमारत यांच्या मधोमध टाकायचा आणि तो दाट होईपर्यंत निघायचं नाही. नवख्याने रेकॉन (लांबून नेम धरणारा सैनिकाचा प्रकार, म्हणजे क्लास) घेऊन टेकडीवर पडून राहू नये. टीमला उपयोग नाही आणि तुम्हालाही काही शिकायला मिळत नाही. सपोर्ट घ्या. त्याच्याकडे दारूगोळ्याची पिशवी असते, तिच्याभोवती उभं राहणाऱ्याची जखमही भरते. इंजिनिअर घ्यायचा तर रणगाड्याच्या मागे चिकटून चालायचं आणि तो दुरुस्त करत राहायचं. नेम लागत नसला तरी पॉइंट मिळतात, आणि माझा नेम लागत नाहीच.

पडलेला सोबती दिसला तर कुठलाही क्लास असो, स्वतःच्या स्क्वॉडमधल्याला उठवता येतं. पण उघड्यावर बसून उठवू नका. त्याला ओढत आडोशाला नेता येतं आणि ओढता ओढताच तो उठतो. या गेममधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. तिसऱ्या रात्री मी इमारतीपासून वीस पावलांवर पडलो. स्क्वॉडमधला कुणी एक अनोळखी धुरातून वाकून आला, माझ्या जॅकेटला धरून मला मागे ओढलं, माझ्या डोळ्यांसमोर नुसतं आभाळ आणि त्याचं हेल्मेट, आणि दोघं एका अर्धवट भिंतीमागे जाऊन आदळलो. मी उठलो. छाती धडधडत होती, पण पहिल्या रात्रीसारखी नाही.

आता माझं असं मत झालंय की मीराक टाळू नका, पण तिसऱ्या-चौथ्या रात्रीपर्यंत तिकडे जाऊही नका. आधी कैरो, जिब्राल्टर, मग हे. एकट्याने तर मुळीच नको. सोबत एक ओळखीचा आणि हेडफोनवर त्याचा आवाज हवा. आवाजाच्या सेटिंगमध्ये 'वॉर टेप्स' हा पर्याय आहे, तो पहिल्या दिवशी लावू नका. कानठळ्या बसतात आणि मागून आलेली पावलं ऐकू येत नाहीत.

त्या भिंतीशी पोचलात की पुढच्या इमारतीकडे लगेच धावू नका. पिशवी तिथेच टाका, मागून येणाऱ्या दोघांना पोचू द्या, धूर पुन्हा भरून घ्या आणि मग चौघं एकदम आत शिरा.