सोडायचाच, तर धरता कशाला?

सांगली, रविवार, रात्री

दिवसभर पाऊस. कृष्णेचं पाणी चढतंय म्हणून बाबा संध्याकाळी आयर्विन पुलाकडे जाऊन आले. जेवताना मी जहाजावरचे फोटो दाखवत होते, शार्क मोजून परत पाण्यात सोडतानाचे. आजीनं एकच विचारलं, "सोडूनच द्यायचा, तर धरता कशाला गं त्याला?" मी "अभ्यासाला" म्हणाले. तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं. माझंही नाही. म्हणून नीट लिहून काढते.

मेक्सिकोच्या आखातातली ती शार्कची पाहणी. एक सागरी मैल लांबीची दोरी, तिला शंभर गळ, प्रत्येक गळाला बांगड्याच्या जातीच्या माशाचा तुकडा आणि नंबराचा बिल्ला. तासभर पाण्यात ठेवायची, मग ओढायची. काम अहोरात्र, बारा-बारा तासांच्या पाळ्यांत. माझी पाळी दुपारी बारा ते मध्यरात्र. गळाचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो बहुधा पोटात न जाता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो आणि शार्क जगतो. रिकाम्या आलेल्या गळाचीही नोंद होते. हे मला फार भावलं. काय मिळालं नाही, हेही तितक्याच काळजीनं लिहायचं.

शार्क वर आला की मात्र कुणाला बोलायलाही फुरसत नसते. यातल्या बऱ्याच जाती पोहत राहतात तेव्हाच कल्ल्यांतून पुरेसं पाणी वाहतं. डेकवरचा प्रत्येक मिनिट त्यांच्या जिवावरचा. एकजण धरतो, दुसरा मापं ओरडतो, मी लिहिते. नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत, मग शेपटीच्या टोकापर्यंत. वजन. नर की मादी: नराला पोटाखालच्या परांपाशी दोन लांबट अवयव असतात, ते कडक झालेले असले तर तो वयात आलेला. डीएनएसाठी पराचा चिमूटभर तुकडा. जेमतेम मीटरभराचे शार्पनोज जातीचे शार्क हातात मावतात; टायगर शार्कसारखा मोठा आला तर त्याला पाळण्यात घेऊन जहाजाच्या कडेला उचलतात. पहिल्यांदा हात फिरवला तेव्हा डोक्याकडून शेपटीकडे कातडी गुळगुळीत लागली, उलट फिरवला तर पॉलिश पेपर. ते खवले म्हणजे दातांच्याच घडणीचे बारीक काटे.

शेवटी टॅग. पाठीवरच्या पराच्या बुडाशी पोलादी टोक रुतवायचं. त्याला लटकलेल्या कुपीत नंबर आणि कळवण्याचा पत्ता. मग पाण्यात.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर या कुपीत आहे. त्या दिवशी आम्हाला कळतं ते एक ठिकाण आणि एक लांबी. तो किती वाढला, कुठवर गेला, हे तो दुसऱ्यांदा सापडेल तेव्हाच कळणार. अमेरिकेत १९६२ पासून मच्छीमारांच्या साथीनं हे टॅगिंग चाललंय. त्यात टॅग लावलेला एक सँडबार शार्क २७ वर्षांहून अधिक काळानं पुन्हा सापडला! आणि ही दुसरी गाठ बहुतेक वेळा शास्त्रज्ञाशी पडत नाही. कुणीतरी मच्छीमार ती कुपी फेकून न देता कळवतो, म्हणून विज्ञान पुढे सरकतं. मला वाटतं, त्याचं नाव आमच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत यायला हवं.

आपल्याकडेही असे हात आहेत. देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यानंतर सौराष्ट्रातल्या कोळ्यांनी आपली जाळी कापून अनेक देवमुशी सोडल्या. पण कोकणच्या बंदरांवर रोज उतरणाऱ्या छोट्या मुशीकडे कोण इतकं बघतं? तिच्या बहुतेक जाती अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं देतात. पिल्लं होण्याआधीच किती माद्या टोपलीत येतात, हे बंदरावर नुसती टेप लावूनही कळू लागेल.

पावसाळी मासेमारीबंदी उठली की रत्नागिरीला, मिरकरवाड्याला जायचं ठरवलंय. टेप आणि वही घेऊन. आणि टोपलीला हात लावण्याआधी टोपलीवालीला विचारून. ती कुठली मुशी कोणत्या महिन्यात पिल्लांनी भरलेली असते हे सांगेल, ते आधी लिहीन, मापं नंतर.