तुम्ही विचारलंत म्हणून: ऐकू येतं, मग सारखं "काय?" का?

"घरात कुजबुजलं तरी ऐकू येतं तुला, मग लग्नात सारखं काय काय का करतेस?" आत्या विचारते, ऑफिसातले विचारतात, आता तुम्हीपण विचारलंत म्हणून लिहिते.

कान चांगलेत. मिरजेत ऑडिओमेट्री करून घेतली, रिपोर्ट नॉर्मल. पण ती टेस्ट बंद खोलीत हेडफोन लावून होते हो, बारीक टूं ऐकू आलं की बटण दाबायचं. गणपती पेठेत संध्याकाळी कोण टूं करून बोलतंय?

मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझा मेंदू आवाज, माणसं हे सगळं जरा वेगळ्या पद्धतीनं घेतो. गर्दीत माणूस एकाचंच बोलणं कसं धरतो यावर कॉलिन चेरी नावाच्या ब्रिटिश संशोधकानं १९५३ ला प्रयोग केले होते, बहुतेकांना ते आपोआप जमतं, मला नाही, मैत्रीण बोलत असते आणि तिकडं वडापवाल्याचं (शेअर जीपवाल्याचं) "मिरज मिरज मिरज", रसाच्या गाड्याची घुंगरं, कुणाचातरी हॉर्न, सगळं तिच्याइतकंच पुढं येऊन उभं राहतं.

केंब्रिजच्या संशोधकांनी २००४ मध्ये हे मोजलं. गोंगाट सलग नसतो, मधेमधे क्षणभर उतरतो, आणि बाकीचे लोक त्या फटीतून शब्द उचलतात. ऑटिस्टिक लोकांना त्या फटींचा फायदा कमी झाला, बोलणं समजायला ते साधारण २ ते साडेतीन डेसिबल (आवाजाचं माप) जास्त मोठं लागलं. आकडा किरकोळ वाटतो, पण गोंगाटात तेवढ्यात अर्धं वाक्य जातं. (सगळ्यांचं सारखंच असतं असं नाही, माझ्या ओळखीतल्या एकाला आवाजाचा त्रास होतो पण बोलणं बरोबर कळतं.)

म्हणजे बघा, मंगल कार्यालयात बँड चालू, मावशी येऊन काहीतरी विचारते, मला नुसतं "...लीस का?" मिळतं. आता जेवलीस का, आलीस का, की बारीक झालीस का? तिच्या तोंडाकडं बघून, हातात ताट आहे का बघून मी जुळवते, "हो जेवले" म्हणेपर्यंत मावशी तिसऱ्या पाहुण्याकडं पोचलेली असते. आणि असं तासभर केलं की डोकं इतकं शिणतं की मी जाऊन चपलांपाशी उभी राहते, त्याला लोक शिष्टपणा म्हणतात, म्हणोत.

ओरडू नका, ओरडलं की मला शब्द कमी आणि ओरडणंच जास्त ऐकू येतं. आधी नावानं हाक मारा, स्पीकरपासून जरा बाजूला घ्या, आणि परत सांगताना वाक्य बदलू नका, कारण अर्धं माझ्याकडं आलेलं असतं, नवीन वाक्य म्हणजे परत पहिल्यापासून. बँड फारच जोरात असेल तर सरळ व्हॉट्सॲप करा, शेजारी बसून केलं तरी चालतंय.