दांडगे खेळ: हात-पाय अडकले की घात

मैदानावर खेळणारं मूल पडणारच. ढोपरं फुटतात, कोपरं सोलवटतात, कपाळावर टेंगूळ येतं. यातलं बहुतेक आठ-दहा दिवसांत भरून येतं, आणि तेवढ्यासाठी खेळ बंद करणं मला अजिबात पटत नाही. खेळ किती दांडगा आहे यापेक्षा त्यात मुलाचा हात, पाय किंवा मान कुठे अडकून राहते का, हे आधी पाहावं. सुटं मूल पडताना कलंडतं, लोळतं, मार अंगभर वाटला जातो. अडकलेल्या मुलाचा सगळा भार एकाच हाडावर किंवा सांध्यावर येतो.

रस्सीखेच घ्या. पकड सुटू नये म्हणून मुलं दोर मनगटाला गुंडाळतात, शेवटचा गडी कमरेला गाठ मारतो. दोर ताणला की तो वेढा आवळत जातो आणि बोटं सोडवायला वेळच मिळत नाही. नायलॉनचा दोर तर रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. १९९७ साली तैपेईत दीड हजाराहून जास्त लोकांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोघांचे हात तुटून वेगळे झाले. मुलांना जाड, सुती किंवा तागाचा दोर द्यावा. दोराला कुठेही फास नको, हाताला वेढा नको, कमरेला गाठ नको. आणि ‘सोडा’ म्हटलं की दोन्ही बाजूंनी एकदम न सोडता आधी ढील द्यायची.

हात धरून साखळी करायची आणि समोरच्याने धावत येऊन ती तोडायची, या खेळातही तेच होतं. बोटांत बोटं गुंफलेली असली तर बोटं पिरगळतात. हात खांद्याच्या उंचीवर ताणलेले असले तर धावणाऱ्याच्या गळ्यावरच दांडा बसतो. तळव्याला तळवा धरावा आणि हात कमरेच्या खाली ठेवावेत.

घसरगुंडीची गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरणं सुरक्षित वाटतं, पण धोका तिथेच आहे. मुलाच्या बुटाचा रबरी तळ कडेला घासून थांबतो आणि मोठ्या माणसाचं वजन मात्र खाली जातच राहतं. पाऊल जागच्या जागी, अंग पुढे. नडगीचं हाड पिळवटून मोडतं. एकटं घसरणारं मूल पाय अडकला तर स्वतःच थांबतं, कारण त्याचं वजनच कमी असतं. एकट्याने बसता येत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी मोठी आहे.

दोन्ही हात धरून लहानग्याला गरगर फिरवण्याबद्दलही सांगायला हवं. साधारण १ ते ४ वर्षांच्या वयात कोपरातलं बाहेरचं हाड त्याच्या पट्ट्यातून सहज निसटतं. मूल रडतं आणि मग हात अंगाशी धरून तो वापरतच नाही. सूज नसल्यामुळे घरच्यांना ते नाटक वाटतं. डॉक्टर क्षणात बसवून देतात. उचलायचंच तर काखेत हात घालून उचलावं.

आता लोंबकळायच्या दांड्या. २ मीटर उंचीवरून निसटलेलं मूल ०.६ सेकंदात, ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने जमिनीवर येतं. तेवढ्या वेळात ते एकच करतं, हात ताठ करून पुढे टेकतं. मग मनगट तरी मोडतं किंवा कोपराच्या वरचं दंडाचं हाड. ५ ते ७ या वयात हा दुसरा प्रकार फार दिसतो, कारण तिथे हाड पातळ असतं आणि ताठ कोपर मागे वाकलं की ते तरफेसारखं त्यावर दाब देतं. त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात, म्हणून हे साधं मोडणं समजू नये.

अशा वेळी हात सरळ करू नका, मालिश तर मुळीच नको. बांगडी, अंगठी, घड्याळ लगेच काढा. हात ज्या कोनात आहे त्याच कोनात पुठ्ठ्याची किंवा वर्तमानपत्राच्या जाड घडीची फळी लावून झोळीत ठेवा. पट्टी घट्ट नको. भूल द्यावी लागू शकते म्हणून खायला-प्यायला देऊ नका. बोटं गार किंवा पांढरी पडली, बधिर झाली, अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करता येईना, किंवा बोटं हलकेच सरळ केली तरी मूल किंचाळलं, तर एक तासही थांबू नका. बँडेज किंवा प्लास्टर बांधल्यानंतरही हीच लक्षणं पाहत राहायची.

‘नुसतं मुरगळलंय’ हे वाक्य मुलांच्या बाबतीत जपून वापरावं. हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं तो मऊ थर, सांध्याच्या बंधांपेक्षा, म्हणजे हाडं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, कच्ची असते. मोठ्या माणसाचा बंध ताणतो त्या ठिकाणी मुलाची कूर्चा सरकते, आणि दुर्लक्ष झालं तर हाड वाकडं किंवा आखूड वाढू शकतं. बंधावर नाही, हाडावरच बोट ठेवून दाबलं की दुखत असेल तर एक्स-रे काढावाच.

दांड्यांखाली काँक्रीट किंवा तुडवून टणक झालेली माती असू नये. २३ सेंमी जाडीची वाळू साधारण १.२ मीटरपर्यंतच्या पडण्याला पुरते, तेवढ्याच जाडीचे लाकडी तुकडे बऱ्याच जास्त उंचीला. पण झोक्याखाली पायांनी खड्डा पडतो आणि नेमकी पडायची जागा उघडी होते, तेव्हा ती दर काही दिवसांनी सारखी करायला हवी. आणि सायकलचं हेल्मेट, ओढणी, टोपडीची नाडी हे सगळं खेळण्यांवर चढण्याआधी काढून ठेवायचं. अंग निसटून डोकं अडकलं तर गळफास बसतो.

पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका. वाहत्या पाण्याखाली काही सेकंद धुवा, घासू नका, तसाच खळग्यात बसवून रुमाल चावायला सांगा. जमलं नाही तर दुधात ठेवून दंतवैद्याकडे पळा. अर्ध्या तासात पोचलात तर दात जगण्याची शक्यता चांगली, तासभर कोरडा राहिला तर फार कमी. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, त्याखालचा नवा दात दुखावतो.