सिव्हिल ग्रँड ज्युरी: काउंटीच्या कारभारावर वर्षभर नजर ठेवताना

कॅलिफोर्नियात सिव्हिल ग्रँड ज्युरीवर एक वर्ष काम केलं की शपथ मात्र जन्मभर चिकटते. कोणाला बोलावलं, कोण काय म्हणालं, कोणी कसं मत दिलं, हे मुदत संपल्यावरही बाहेर सांगायचं नाही. सांगितलं तर तो गुन्हा. त्यामुळे आमच्या काउंटीचं नाव इथे येणार नाही, आणि बंद दाराआड काय झालं तेही नाही. हे काम चालतं कसं, अडतं कुठे आणि अर्ज भरण्याआधी काय ठाऊक असावं, तेवढं लिहितो आहे. बे एरियातली आपली बरीच मंडळी आता निवृत्तीला टेकली आहेत; त्यातल्या दोघाचौघांनी जरी अर्ज भरला तरी पुष्कळ झालं.

आधी गल्लत दूर करू. खटल्यासाठी समन्स येतं ती ज्युरी वेगळी. ही ज्युरी कोणाला दोषी ठरवत नाही; काउंटीचा कारभार तपासते आणि त्यावर अहवाल लिहिते. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा, फक्त कलेक्टर नसलेला. सॅन फ्रान्सिस्को सोडलं तर पाच निवडून आलेले सुपरवायझर कारभार पाहतात. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख, तुरुंगही त्याच्याकडे), डिस्ट्रिक्ट ॲटर्नी (मुख्य सरकारी वकील), असेसर (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणारा) हेही मतदारांनीच निवडलेले. तुरुंग, सार्वजनिक रुग्णालय, बालकल्याण, रस्ते, निवडणूक खातं हे सगळं काउंटीकडे. त्याशिवाय शहरांच्या नगरपालिका आणि डझनावारी विशेष जिल्हे, म्हणजे एकेका कामापुरत्या स्थानिक संस्था: पाण्याचा, सांडपाण्याचा, अगदी डास मारण्याचा आणि दफनभूमीचासुद्धा. या सगळ्यांच्या कारभारात नागरिकांनी डोकावावं म्हणून राज्यघटनेत १८७९ पासून तरतूद आहे: प्रत्येक काउंटीत वर्षातून निदान एकदा ग्रँड ज्युरी बसलीच पाहिजे. काउंट्या ५८. बहुतेक ठिकाणी ज्युरीत १९ जण, लॉस एंजेलिसला २३, आणि वीस हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या काउंटीत ११.

पात्रतेच्या अटी साध्या आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व हवं, ग्रीन कार्ड चालत नाही. वय १८ पूर्ण. त्याच काउंटीत सलग एक वर्ष वास्तव्य. इंग्रजी पुरेसं यावं. लोकांनी निवडून दिलेल्या पदावर नसावं, फेलनीची, म्हणजे गंभीर गुन्ह्याची, शिक्षा झालेली नसावी. वकिली किंवा हिशेबतपासणी येत असेल तर उपयोग होतो, पण खरी गरज लागते ती बसून कागद वाचण्याची. अर्ज साधारण वसंतात मागवतात. मग न्यायाधीश मुलाखत घेतात आणि पुष्कळ काउंट्यांत शेवटची नावं चिठ्ठ्या टाकून निघतात. मुलाखतीत एक प्रश्न हमखास असतो: वर्षभर आठवड्याला किती तास देऊ शकाल? आठवड्याला पंधरा ते वीस तास धरून चला, शेवटच्या तीन महिन्यांत त्याहून जास्त. मानधन कायद्याने दिवसाला निदान १५ डॉलर, वर गाडीचं मैलभाडं. पैशांसाठी कोणी येत नाही, हे त्यावरून कळलंच असेल. दोन महिने पुण्याला जाऊन राहायचा बेत असेल तर त्या वर्षी अर्ज करू नका.

मुदत १ जुलै ते ३० जून. फोरपर्सन, म्हणजे ज्युरीचा प्रमुख, न्यायाधीश नेमतात, बाकीचे पदाधिकारी ज्युरी आपल्यातून निवडते. मागच्या वर्षीचे जास्तीत जास्त दहा जण न्यायालय दुसऱ्या वर्षासाठी ठेवू शकतं. असे दोन-तीन तरी असावेत, नाहीतर ऑगस्ट महिना कपाटात काय कुठे आहे ते शोधण्यात जातो. जुलैत कायद्याने सक्तीचं प्रशिक्षण असतं. त्यातून एक आकडा डोक्यात पक्का बसला: १९ पैकी १२. चौकशी सुरू करायची, अहवाल मंजूर करायचा, काहीही असो, बारा मतं लागतात. हजर असलेल्यांपैकी बहुमत इथे कामाचं नाही. डिसेंबर उजाडेपर्यंत कोणी आजारी पडतं, कोणी नातवंडांकडे जातं. चौदा जण हजर असताना तिघांनी हात वर केला नाही तर सहा महिन्यांचं काम तिथेच पडतं. म्हणून राखीव यादीतले सदस्य लवकर मागवून घ्यावेत. फेब्रुवारीत आलेला माणूस अहवालावर मत द्यायला बिचकतो, आणि त्याचं बिचकणं रास्तच असतं.

विषय दोन वाटांनी येतात. एक, नागरिकांच्या तक्रारी. तक्रारदाराला पोच मिळते, पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. न्यायालयांचे निकाल, राज्य किंवा केंद्राची खाती, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडण, हे आमच्या हातातलं नाही, आणि तक्रारींचा मोठा भाग नेमका तोच असतो. दुसरी वाट म्हणजे ज्युरीला स्वतःला सुचलेले विषय. इथे सगळे हमखास चुकतात. जुलैच्या उत्साहात फळ्यावर पंचवीस विषय लिहिले जातात: बेघरांचा प्रश्न, घरांच्या किमती, वाहतूक. एवढ्या विषयावर निबंध होतो, चौकशी होत नाही. ‘बेघरांचा प्रश्न’ सोडून ‘अमुक निवाऱ्याच्या कंत्राटात ठरलेल्या खाटा आणि रोज भरलेल्या खाटा यांचा हिशेब कोण तपासतं’ इथपर्यंत विषय आला की काम सुरू करता येतं. ऑक्टोबर संपेपर्यंत विषय एवढा बारीक झाला नाही तर तो सोडून द्यावा.

एक चौकशी मात्र ऐच्छिक नाही. काउंटीतल्या सार्वजनिक तुरुंगांची स्थिती आणि व्यवस्थापन पाहणं पीनल कोडच्या, म्हणजे राज्याच्या दंडसंहितेच्या, ९१९व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि ९२१व्या कलमाने तुरुंगात जाण्याची व काउंटीतले सार्वजनिक दप्तर फुकट तपासण्याची मुभा आहे. तारीख ठरली की जन्मतारीख आणि लायसन्स नंबर आधी कळवावा लागतो. फोन गाडीत ठेवायचा, पायात बंद बूट. मग होते ती ‘टूर’. नुकतीच पुसलेली फरशी, हसतमुख अधिकारी, स्वयंपाकघरात चव पाहायला ताट. ही टूर घ्या, पण तिच्यावर अहवाल लिहू नका.

पाहायचं ते कागदावर आणि भिंतीवर. राज्याच्या नियमावलीतल्या टायटल १५ प्रमाणे प्रत्येक कैद्याला निदान तासातून एकदा प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून सुरक्षा फेरी घ्यायची असते. दारू किंवा नशेत आणलेल्यांच्या कोठडीत दर अर्ध्या तासाला. फेऱ्यांची नोंदवही मागा, आणि समोर ठेवतील तो दिवस नको, तुम्ही सांगाल तो. शक्यतो रविवारची पहाट. वेळा २:००, ३:००, ४:०० अशा ओळीने गोल आकड्यांत दिसल्या तर थांबा. चाळीस कोठड्यांच्या दालनात चालत जाणारा माणूस रोज रात्री ठोक्याला त्याच मिनिटाला दारापाशी पोचत नाही. २:०४, २:५१, ३:४७ अशा ओबडधोबड वेळा जास्त विश्वासार्ह. भिंतीवर फेरीची वेळ नोंदवणारी इलेक्ट्रॉनिक बटणं असतील तर हाताने लिहिलेली वही आणि यंत्रातली नोंद शेजारी ठेवून एकाच रात्रीची जुळवा.

मग रिकाम्या कोठडीतलं मदतीचं बटण स्वतः दाबून पाहा आणि घड्याळ लावा. तक्रारीचे फॉर्म खोक्यात आहेत का, की ‘मागितले की देतो’ असं उत्तर मिळतं? आजारी कैदी डॉक्टरसाठी चिठ्ठी टाकतो त्या दिवसापासून नर्सने तपासेपर्यंत किती दिवस गेले, याची तारीखवार यादी मागा. यादीच नाही असं कळलं, तर तेच लिहून घ्या. हे सगळं एवढं महत्त्वाचं का, तर काउंटी तुरुंग मुळात खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी आणि वर्षभरापर्यंतच्या शिक्षेसाठी बांधलेले. २०११ मध्ये राज्याने कायदा बदलून अनेक प्रकारचे दीर्घ शिक्षेचे कैदी काउंटीकडे वळवले. माणसं वर्षानुवर्षं राहू लागली, इमारती मात्र जुन्याच राहिल्या. व्यायामाची जागा, दातांचा डॉक्टर, मानसोपचाराची खोली, अडचण कुठलीही असो, मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

मुलाखतीला एकट्याने जायचं नाही. निदान दोघं हवेत. आपल्याकडे पंचनाम्याला दोन पंच लागतात, तसंच. एक विचारतो, दुसरा लिहितो. प्रश्न आधी लिहून ठरवलेले. साक्षीदाराला सुरुवातीलाच गुप्ततेची समज द्यायची. शेवटचा प्रश्न नेहमी हाच: ‘आम्ही विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही असं काही?’ कामाचं बरंचसं इथेच मिळतं. काउंटीतल्या एखाद्या खात्याशी आपला किंवा घरच्यांचा संबंध असेल तर त्या चौकशीतून आधीच बाजूला व्हायचं. चर्चेला नुसतं बसायचंही नाही, खोलीबाहेर जायचं. कायदेशीर सल्ला काउंटी कौन्सेलकडून मिळतो, म्हणजे ज्यांची चौकशी चालू आहे त्यांच्याच वकिलाकडून. सल्ला देणारी माणसं सरळ असतात, पण हितसंबंध आडवे येत आहेत असं वाटलं तर न्यायाधीशांकडे जाऊन दुसरा वकील मागता येतो.

आता मुख्य गोष्ट. ग्रँड ज्युरी कोणालाही आदेश देऊ शकत नाही. तिच्या हातात अहवाल आहे आणि त्याला उत्तर देण्याची कायदेशीर सक्ती आहे, बस. पीनल कोडच्या ९३३.०५व्या कलमाप्रमाणे प्रत्येक निष्कर्षावर उत्तर देणाऱ्याने लिहायचं: मान्य, किंवा पूर्ण वा अंशतः अमान्य, आणि अमान्य असेल तर कारण. प्रत्येक शिफारशीवर चारांपैकी एक: अमलात आणली; अमुक मुदतीत आणू; आणखी अभ्यास हवा (पण तो सहा महिन्यांच्या आत); आणणार नाही, कारण असं असं. पळवाटा कुठे आहेत हे ध्यानात ठेवूनच वाक्यं लिहावी लागतात.

‘तुरुंगातली वैद्यकीय सेवा अपुरी आहे आणि नोंदी नीट ठेवल्या जात नाहीत.’ हा निष्कर्ष वाया गेला. ‘अपुरी’वर कोणीही ‘अंशतः अमान्य’ लिहून मोकळा होईल, आणि ‘आणि’ने दोन गोष्टी जोडल्यामुळे नक्की कोणती अमान्य ते धूसर राहील. हेच असं लिहायचं: ‘वैद्यकीय विनंतीची चिठ्ठी मिळाल्याची आणि कैद्याला तपासल्याची तारीख एकाच नोंदीत ठेवली जात नाही.’ यावर हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. शिफारशीचंही तसंच. ‘सुधारणा कराव्यात’ याला ‘आम्ही सतत सुधारणा करतच असतो’ हे उत्तर तयार असतं. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत आणि पैसे कुठून, हे वाक्यात हवं. मांडलेल्या प्रत्येक अडचणीवर उपाय सुचवणं, आणि लागू असेल तिथे आर्थिक बाजूही देणं, ज्युरीवर बंधनकारकच आहे.

शिफारस कोणाच्या नावे करायची यावर तर पहिला मसुदा निम्मा बदलावा लागतो. उत्तर देण्याची सक्ती सुपरवायझर मंडळासारख्या नियामक मंडळांवर आहे, त्यांना ९० दिवस. आणि निवडून आलेल्या काउंटी अधिकाऱ्यांवर, त्यांना ६०. नेमलेल्या खातेप्रमुखावर ती नाही, त्याला फक्त विनंती करता येते. आरोग्य खात्याच्या संचालकाच्या नावे सगळ्या शिफारशी लिहिल्या तर मंडळ हात झटकायला मोकळं. शेरीफच्या खात्यात माणसं किंवा पैसे कमी हा मुद्दा असेल तर शेरीफ आणि मंडळ दोघांकडून उत्तर मागायचं. एकट्या शेरीफना विचारलं तर ‘पैसे मंडळाकडे’, एकट्या मंडळाला विचारलं तर ‘कारभार शेरीफचा’.

छापण्याआधी संबंधित खात्याला बोलावून वस्तुस्थितीचा भाग वाचून दाखवता येतो. जरूर वाचून दाखवा. खाटांची संख्या २४ ऐवजी २८ लिहिली गेली तर उत्तरात पहिला परिच्छेद त्या चार खाटांवर असतो आणि बाकीचं वाचायची कोणाला गरज वाटत नाही. मग संपादन समिती, वकिलाची नजर, बारा मतं, आणि शेवटी प्रिसायडिंग जजची, म्हणजे न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांची, मान्यता. प्रसिद्धीच्या दोन कामकाजाच्या दिवस आधी त्या खात्याला प्रत द्यावी लागते.

वेळेचं गणित मात्र प्रशिक्षणात कोणी ठासून सांगत नाही. सगळ्या ज्युऱ्यांचे अहवाल जूनमध्ये गर्दी करतात. जूनमध्येच काउंटीचं नवं अंदाजपत्रक मंजूर होतं, म्हणजे पैशांची शिफारस वर्षभर उशिरा पोचते. शिवाय ६० आणि ९० दिवस मोजले तर उत्तरं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, तेव्हा लिहिणारे घरी. अहवाल मुदतीत केव्हाही काढता येतो. एक जरी फेब्रुवारीत काढला तर उत्तर आपल्याच हातात पडतं आणि उत्तर उडवाउडवीचं असेल तर तसं लिहायला दीड-दोन महिने उरतात. त्यासाठी ती चौकशी डिसेंबरच्या सुट्टीपूर्वी संपवावी लागते. अवघड आहे, पण १९ जणांत चारजण हट्टी असले की जमतं.

३० जूनला खोलीच्या किल्ल्या परत करण्याआधी पुढच्या ज्युरीसाठी एक तक्ता करून ठेवायचा असतो. शिफारशीचा क्रमांक, उत्तर देणाऱ्याचं पद, उत्तराची मुदत, चारांपैकी कोणतं उत्तर आलं, ‘अभ्यास हवा’ म्हटलं असेल तर सहा महिने कधी भरतात. आणि शेवटचा रकाना, जो आम्ही मुद्दाम रुंद आणि कोरा ठेवला: ‘प्रत्यक्ष जाऊन पाहिलं का? तारीख?’